चंद्रपूर ते पडघे, एका युनिटचा हिशोब

चंद्रपूर आणि पडघे यांच्यामध्ये एक वीजवाहिनी आहे, ७५२ किलोमीटर लांबीची. नेहमीची एसी (दिशा बदलणाऱ्या प्रवाहाची) लाईन नाही, एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या एकाच दिशेच्या प्रवाहाची) आहे, म्हणजे चंद्रपूरला एसीची डीसी करायची, ५०० किलोव्होल्टवर राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची आणि पडघ्याला परत एसी करून मुंबई-ठाण्याच्या जाळ्यात सोडायची. १९९९ पासून चालू आहे, क्षमता १५०० मेगावॅट. माझं सासर कल्याणचं आणि आईकडचं सगळं गोत चंद्रपूरचं, त्यामुळे या लाईनच्या दोन्ही टोकांना माझी माणसं राहतात, आणि बरीच वर्षं एकच प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही की कल्याणच्या घरात जे एक युनिट जळतं त्याचा खरा खर्च किती आणि तो कोण सोसतंय.

कारण बिलात तो दिसत नाही. बिल काढून बघा, स्थिर आकार आहे, वीज आकार आहे, वहन आकार आहे म्हणजे वीज घरापर्यंत आणून देण्याचे पैसे, इंधन समायोजन आकार आहे म्हणजे कोळसा महागला की तो फरक आपल्याकडून घेतात, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. कोळसा, तारा, ट्रान्सफॉर्मर, पगार, कर्जावरचं व्याज, सगळ्याला रकाना आहे. धुराला नाही, राखेला नाही, उकरलेल्या जमिनीला नाही. तो खर्च होतच नाही असं थोडीच आहे, होतो आणि कोणीतरी भरतंही, फक्त बिल भरणारा आणि तो भरणारा ही दोन वेगळी माणसं असतात.

आधी एका युनिटला काय काय लागतं ते बघू. आपल्याकडचा कोळसा राखेचा, ३५-४० टक्के राख त्यात सहज असते, उष्णता कमी, त्यामुळे एक युनिट वीज करायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. त्या कोळशातल्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा तारेत जातो, बाकीचा कूलिंग टॉवर आणि चिमणीतून बाहेर. त्यातून सुमारे २५० ग्रॅम राख उरते आणि किलोभर, म्हणजे ९५० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. पाणी, २०१५ च्या सरकारी नियमाप्रमाणे जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत वापरायची मुभा आहे. आमच्या घरी महिन्याला अडीचशे युनिट जातात, ते सगळे चंद्रपूरहून आले असं धरलं तर पावणेदोनशे किलो कोळसा होतो, साडेतीन पोती, साठ-पासष्ट किलो राख आणि पावणेनऊशे लिटर पाणी. दर महिन्याला. चौघांचं साधं घर आहे आमचं, उन्हाळ्यात एक एसी.

आता हेच चंद्रपूरच्या बाजूने. तिथलं महाऔष्णिक वीज केंद्र आज २,९२० मेगावॅटचं आहे, पहिला संच १९८० च्या दशकात सुरू झाला, जुने दोन संच बंद होऊन आता सात चालतात. माझे मावसाजी आयुष्यभर एका कंत्राटदाराकडे कोळसा उतरवायच्या कामावर होते, सीएचपी म्हणतात सगळे त्या विभागाला. ते सांगायचे, "एवढा मोठा रॅक येते, अन् सगळे युनिट चालू असले तं दोन घंट्यात खतम." रॅक म्हणजे कोळशाची मालगाडी आणि त्यांचं युनिट म्हणजे वीज केंद्राचा संच. मी नंतर कागदावर मांडून बघितलं, तर बरोबर निघालं, पूर्ण क्षमतेने चाललं तर तासाला दोन हजार टन कोळसा लागतो आणि एका रॅकमध्ये चार हजार टनांच्या आत-बाहेर असतो. म्हणजे दिवसाला पंचेचाळीस-पन्नास हजार टन कोळसा आणि सतरा-अठरा हजार टन राख, एका गावात. पूर्ण क्षमतेने रोज चालत नाही हे मान्य, पण चाळीस वर्षं चालतंय हेही आहे ना.

मावशी राहते दुर्गापूरला, चंद्रपूरच्या त्या वीज केंद्राला लागूनच. मागे हिवाळ्यात गेले होते तेव्हा सकाळी तिने अंगणातल्या तुळशीचं एक पान ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकं माझ्यासमोर धरलं. करड्या-काळ्या रंगाची रेघ, बोटाएवढी. आदल्या संध्याकाळीच तिने झाडावर पाणी मारलेलं. म्हणाली, "आता हे कोणाचं, सांग बरं. खदानीचं, चिमणीचं, का रोडवरल्या ट्रकाचं?" मला सांगता आलं नाही आणि कोणालाच सांगता येणार नाही नुसतं फडकं बघून. पर्यावरणाचा खर्च काढायला बसलं की पहिली अडचण हीच येते. नुकसान दिसतं, पण ते नक्की कोणाच्या नावावर टाकायचं? मावसाजींना शेवटची काही वर्षं दम लागायचा, त्यांनी वीसेक वर्षं कोळशाची धूळ खाल्ली, तरुणपणी विड्याही ओढल्या, आणि घरात त्यांच्या लहानपणापासून चूल होती. तीन कारणं, एक छाती. डॉक्टरांनी औषध दिलं, कारणाची वाटणी करून दिली नाही, ते त्यांचं कामही नाही.

म्हणून जे लोक हा हिशोब गंभीरपणे करतात ते एका माणसाच्या छातीपासून सुरुवात करत नाहीत, चिमणीपासून करतात. युरोपियन कमिशनने १९९१ मध्ये एक्सटर्न-ई नावाचा प्रकल्प सुरू केला त्यातून ही पद्धत रुळली. चिमणीतून काय आणि किती बाहेर पडलं, वाऱ्याने ते कुठे नेलं, तिथल्या हवेत किती भर पडली, त्या हवेत किती माणसं श्वास घेतात, त्यातून किती आजार आणि किती मृत्यू वाढले, आणि शेवटी त्याचे पैसे किती, अशी पायरीपायरीने मांडणी. प्रत्येक पायरीला अंदाज आहे आणि प्रत्येक अंदाजात चूक आहे, पण साखळी स्पष्ट आहे, कोणीही उठून कुठली पायरी पटत नाही ते सांगू शकतो.

ही पद्धत लावली की मावशीच्या फडक्यावरची रेघ मागे पडते. ती जाड धूळ, ती नाकात-घशात अडकते, त्रास देते, पण सगळ्यात जास्त माणसं जिच्यामुळे जातात ती धूळ डोळ्याला दिसत नाही. कोळशातलं गंधक जळून सल्फर डायऑक्साईड होतो, तो हवेत दिवसचे दिवस फिरतो आणि शेकडो किलोमीटरवर जाईपर्यंत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, पीएम २.५ च्या, म्हणजे अडीच मायक्रॉनच्या आतले, जे फुफ्फुसातून रक्तात उतरतात. म्हणजे चंद्रपूरचा धूर फक्त चंद्रपूरचा राहत नाही. २०१८ मध्ये भारतातल्या हवेवर एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला त्यात २०१५ या एका वर्षात देशात कोळसा जाळण्यामुळे सुमारे १ लाख ६९ हजार मृत्यू धरले होते, त्यातले साधारण निम्मे, ८३ हजारांच्या आसपास, वीज केंद्रांच्या नावावर. या ८३ हजारांतल्या एकाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर वीज केंद्र असं लिहिलेलं नसणार.

अमेरिकेत तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००९ मध्ये ४०६ कोळसा केंद्रांचा असा हिशोब केला, हवामान बदल बाजूला ठेवून, फक्त धुराचं नुकसान. २००५ या वर्षाचं ६२ अब्ज डॉलर आलं, सरासरी युनिटला ३.२ सेंट. पण मला त्या अभ्यासातली सरासरीपेक्षा पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, सगळ्यात स्वच्छ केंद्रांचा आकडा युनिटला ०.२ सेंटच्या आत होता आणि सगळ्यात घाण केंद्रांचा १२ सेंट. साठ पट फरक, आणि जळत होता कोळसाच. धूर धुतला, म्हणजे त्यातलं गंधक काढलं की नाही, चिमणी कुठे आहे, वाऱ्याच्या दिशेला किती वस्ती आहे यावर सगळं ठरतं.

आणि या वस्तीच्या मुद्द्यापाशी मला ही पद्धत टोचायला लागते. हिशोबात नुकसान म्हणजे माणसांची संख्या गुणिले एका माणसाची किंमत. मग दाट वस्तीत चिमणी महाग पडते आणि विरळ वस्तीत स्वस्त, म्हणजे गणित आपोआप सांगतं की मुंबईजवळ नको, लांब मागास जिल्ह्यात टाका. आणि किंमत धरायची कशी, तर बहुतेक वेळा लोक धोका टाळायला किती पैसे मोजायला तयार आहेत त्यावरून, आणि गरीब माणूस कमी मोजू शकतो म्हणून त्याचा जीव कमी किंमतीचा. हे मी तर्काने ओढून आणत नाहीये. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या अहवालात असाच हिशोब आला होता, श्रीमंत देशातल्या माणसाच्या जिवाची किंमत गरीब देशातल्या माणसापेक्षा कितीतरी पट धरलेली, आणि भारत सरकारने त्यावर जोरदार हरकत घेतली होती. योग्य घेतली. पण तोच न्याय आपल्या घरात, कल्याण आणि दुर्गापूरच्या मध्ये, आपण कधी लावला? माझं मत सरळ आहे, देशाच्या आत तरी एका जिवाला एकच आकडा धरायचा, त्याला अर्थशास्त्रात आधार कमी मिळाला तरी चालेल.

कार्बनचा भाग अजून अवघड. इथे वाऱ्याचीही साखळी नाही, एक टन कार्बन डायऑक्साईड कुठेही सोडा, सगळ्या जगावर परिणाम, आणि शेकडो वर्षं. अमेरिकेत सरकार त्याला एक आकडा लावत होतं, एक टन सोडला तर जगाचं एकूण किती नुकसान. बायडेन आल्यावर २०२१ मध्ये तो ५१ डॉलर होता. त्याच्या आधी ट्रम्पच्या पहिल्या काळात १ ते ७ डॉलर. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने १९० डॉलर काढला. डॉलर ८५ रुपये धरून मी हे आपल्या एका युनिटला लावलं, तर पहिल्या हिशोबाने चार रुपये, दुसऱ्याने आठ पैसे ते छप्पन-सत्तावन्न पैसे, तिसऱ्याने पंधरा रुपये. एकच युनिट, एकच धूर.

एवढा फरक कशाने पडतो तर दोन गोष्टींनी. ट्रम्पवाल्यांनी फक्त अमेरिकेतलं नुकसान मोजलं, बाकी जगाचं सोडून दिलं. आणि दुसरं म्हणजे सवलतीचा दर, डिस्काउंट रेट. शंभर वर्षांनी होणाऱ्या शंभर रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत सात टक्क्यांनी काढली तर साडेअकरा पैसे येते, तीन टक्क्यांनी पाच रुपये आणि दोन टक्क्यांनी चौदा रुपये. माझ्या नातवंडांच्या वाट्याच्या उन्हाळ्याला मी आज किती महत्त्व देते एवढाच तो प्रश्न आहे, आणि सात टक्के म्हणणारा माणूस सांगतोय की जवळजवळ काहीच नाही. बँकेच्या व्याजाचा दर लावून हे ठरवायचं नसतं असं मला मनापासून वाटतं. ज्या गावात मे महिन्यात पारा ४७-४८ ला टेकतो तिथे दुपारी रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बाईला विचारा, पुढच्या पिढीचे दोन अंश आजच्या साडेअकरा पैशात देतेस का.

आणि या सगळ्यात आपण कुठे? २०१८ मध्ये एक अभ्यास आला होता, कार्बनच्या एका टनामुळे कुठल्या देशाचं किती नुकसान होतं याची देशवार वाटणी करणारा. सगळ्यात वर भारत होता, टनाला ८६ डॉलर, अमेरिकेच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे बाकी जग सोडा, नुसतं आपल्या देशाचं नुकसान धरलं तरी चंद्रपूरच्या एका युनिटमागे सात रुपयांच्या जवळ जातो हिशोब. अमेरिकेने, युरोपने शंभर-दीडशे वर्षं जाळलं आणि आता आपल्याला शहाणपण शिकवतात हा राग मलाही येतो, आणि तो रास्त आहे. पण त्या रागाने हे सात रुपये कमी होत नाहीत, ते आपल्याच शेतातून आणि आपल्याच अंगातून जातात.

राखेचं मात्र पैशात सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे, कारण सरकारनेच दर लावलाय. १९९९ पासून सरकार सांगतंय की सगळी राख सिमेंटला, विटांना, रस्त्यांना वापरा, मुदत संपली की नवी मुदत, असं तीन-चारदा झालं. शेवटी ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत न वापरलेल्या राखेला टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई ठरली. युनिटला २५० ग्रॅम राख, म्हणजे बरोबर पंचवीस पैसे. २०२१-२२ मध्ये देशभरात २७ कोटी टनांच्या आसपास राख झाली, त्यातली ९५ टक्क्यांच्या वर वापरली गेली असं सरकारी आकडे सांगतात. वाढलाय वापर, खोटं नाही, राखेच्या विटा सगळीकडे दिसतात. पण खाणीच्या खड्ड्यात आणि सखल जमिनीत भरली तरी ती वापरलेलीच धरतात, आणि चाळीस वर्षांची जी राख तलावात साठून आहे ती वेगळीच. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध पावसात फुटला, राखेचं पाणी शेतात, नाल्यात आणि पुढे नदीत गेलं. उन्हाळ्यात तीच राख वाळून उडते. अंगणात खाट टाकून झोपायची सोय राहत नाही, भांडी झाकून ठेवायची, आणि शेतातला कापूस करडा दिसला की व्यापारी भाव पाडतो. हजार रुपये टनात हे आलं का? मला नाही वाटत.

पाण्याचं एकच सांगते. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं वीज केंद्र पाणी नाही म्हणून पूर्ण बंद करावं लागलं होतं, सगळे संच. दुष्काळात माणसं टँकरच्या रांगेत आणि दुसरीकडे कूलिंग टॉवरमधून वाफ, अशी वेळ येईपर्यंत पाण्याला किंमत नसते, आणि ती वेळ आली की कितीही पैसे देऊन मिळत नाही. सरासरी काढून त्याचा दर लावणं मला पटतच नाही.

जंगलाचा मात्र दर आहे. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला देताना हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये घ्यायचं ठरवून दिलं होतं. चंद्रपूरची खाण, वीज केंद्र आणि ताडोबाचं जंगल ही एकमेकांना खेटून आहेत. खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर होतात, त्यावर झुडपं माजतात, त्यात बिबटे राहतात, आणि खालीच वस्ती. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एक कंत्राटी कामगार गेला आणि लगोलग दुर्गापूरमध्ये बिबट्याने एका मुलाचा जीव घेतला. त्या दिवसांत मावशीच्या गल्लीतली पोरं संध्याकाळी पाचनंतर घराबाहेर पडत नव्हती. एक्सटर्न-ईच्या साखळीत याची पायरी नाही. हेक्टरी दरात तर नाहीच नाही. मातीचा ढिगारा, त्यावरचं जंगल, त्यातलं जनावर आणि खालचं पोर, ही साखळी तिथे राहणाऱ्यालाच माहीत असते, म्हणून हिशोब करणाऱ्यांनी एकदा तरी त्या गल्लीत येऊन राहावं असं मला वाटतं.

आणि तरीही मला आकडे हवेत. हे सगळं अनमोल आहे, पैशात मोजूच नका असं म्हणणारे माझे बरेच मित्र आहेत, त्यांचा मी आदर करते, पण मी बघितलंय की जिथे आकडा नसतो तिथे सरकारी टिपणीत तो खर्च शून्य धरला जातो. डहाणूचं उदाहरण बघा. मुंबईच्या उपनगरांना वीज द्यायला तिथे ५०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र झालं, आजूबाजूला चिकूच्या वाड्या. नर्गिस इराणी आणि कित्येक बागायतदार, रहिवासी कोर्टात भांडले, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुक्यासाठी वेगळं पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. कंपनी धूर धुवायची यंत्रणा, एफजीडी, बसवायला टाळाटाळ करत होती, तेव्हा प्राधिकरणाने तिच्याकडून बँक गॅरंटी मागितली, ३०० कोटींची. आणि २००७ मध्ये एफजीडी चालू झाली. मुंबईत ट्रॉम्बेलाही समुद्राच्या पाण्याने धूर धुवायची सोय गेल्या शतकापासून आहे. म्हणजे तंत्र होतं, पैसे होते, वीज महाग होऊन मुंबई काही बुडाली नाही.

चंद्रपूरला काय झालं? २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, शंभरपैकी ८३.८८ गुण घेऊन चंद्रपूर देशात चौथं. डिसेंबर २०१५ मध्ये गंधकाचे नियम आले, दोन वर्षांची मुदत. मग २०२२, मग आणखी पुढे, आणि ११ जुलै २०२५ ला नवी अधिसूचना, देशातल्या तीन चतुर्थांशाहून जास्त संचांना एफजीडी लागणारच नाही. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांजवळच्या केंद्रांना सक्ती राहिली, २०२७ अखेरपर्यंत. चंद्रपूरसारख्या गंभीर प्रदूषित भागातल्या केंद्रांचं तज्ज्ञ समिती एकेकाचं बघून ठरवणार. सरकारची बाजू अशी की आपल्या कोळशात गंधक कमी, अर्धा टक्का, आजूबाजूच्या हवेत सल्फर डायऑक्साईड मर्यादेच्या आत, आणि एफजीडीने वीज युनिटला पंचवीस-तीस पैशांनी महागेल. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. पण वर सांगितलं तसं सल्फर डायऑक्साईड वायू म्हणून मोजून काही कळत नाही, तो लांब जाऊन सल्फेट होतो आणि तिथल्या पीएम २.५ मध्ये मोजला जातो, चंद्रपूरच्या यंत्रावर तो दिसणारच नाही. आणि ते तीस पैसे आपण वाचवतोय ते कोणाच्या खिशातून, हा आकडा त्या निर्णयाच्या शेजारी ठेवला गेला पाहिजे होता. आकडा म्हणूनच हवा, एवढ्यासाठीच.

कोळशावर एक उपकरही होता, स्वच्छ ऊर्जा उपकर. २०१० मध्ये टनाला ५० रुपये, मग १००, २००, आणि २०१६ मध्ये ४००. युनिटला अठ्ठावीस पैसे पडत होते, जगाच्या हिशोबात कमी पण शून्य नव्हते. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो राज्यांच्या भरपाईत गेला, स्वच्छ ऊर्जेचा संबंध संपला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४०० चा उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ चा १८ टक्के झाला. ऐकताना कर वाढल्यासारखं वाटतं, पण उपकर टनावर होता आणि जीएसटी किंमतीवर आहे, त्यामुळे जो कोळसा हलका, राखेचा, स्वस्त, त्यावरचा एकूण कर उलट कमी झाला. जास्त राखेच्या कोळशाला कमी कर. यावर एकाही चॅनेलवर चर्चा झालेली मी बघितली नाही. खाणींची झळ बसलेल्या भागासाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे पैसे चंद्रपूरला येतात, ते खरं, जुन्या खाणींच्या रॉयल्टीचे तीस टक्के, पण कोळसा टनाला दोन-अडीच हजार धरला तर युनिटला सहा-सात पैसे होतात ते.

उद्या सकाळी सगळे संच बंद करा असं मी म्हणत नाहीये. रात्री साडेआठला राज्याला जी वीज लागते ती सूर्य देत नाही, बॅटऱ्या आत्ता कुठे यायला लागल्यात, आणि या विजेवर दवाखाने, लोकल, पाण्याचे पंप चालतात, मावशीच्या घरची पोरं त्या केंद्राच्या शाळेत शिकली. पण नवीन सौर वीज आज तीन रुपयांच्या आसपास मिळते आणि दिवसा कोणतं केंद्र किती चालवायचं हे आजही ठरवावं लागतंच.

ते ठरतं मेरिट ऑर्डरने. राज्याचं भार प्रेषण केंद्र दर महिन्याला सगळ्या केंद्रांची यादी लावतं, ज्याचा युनिटचा इंधन खर्च कमी ते आधी चालवायचं, महाग ते मागणी वाढली तरच. खाणीजवळच्या केंद्रांचा कोळसा वाहतुकीचा खर्च वाचतो म्हणून ती यादीत वर असतात आणि जास्त चालतात. एकेका पैशावरून क्रम खाली-वर होतो तिथे. आता त्या इंधन खर्चात राखेचे पंचवीस पैसे मिळवा, सरकारनेच ठरवलेला दर आहे, वादाचं कारण नाही. धूर न धुणाऱ्या संचाला एफजीडीचे जे तीस पैसे त्याने वाचवले तेवढे मिळवा. कार्बनचे सात की पंधरा रुपये हे भांडण नंतर करू, ट्रम्पचे आठ पैसे धरले तरी माझी हरकत नाही. एवढ्यानेही यादी हलेल, धूर धुणारे संच वर जातील, जास्त राखवाले खाली येतील. बिलात एक पैसाही लगेच वाढवायची गरज नाही, फक्त क्रम लावताना धरायचं.

वीज नियामक आयोग दरवाढीच्या वेळी ग्राहकांकडून सूचना आणि हरकती मागवतो, कोणीही पाठवू शकतं, मराठीत चालतं. मी मेरिट ऑर्डरबद्दलचं वरचं सगळं अर्जात लिहून काढलंय आणि सोबत एक मागणी जोडलीय, की प्रत्येक केंद्राच्या इंधन खर्चाच्या शेजारी त्या महिन्यातली युनिटमागची राख, पाणी आणि सल्फर डायऑक्साईड असे तीन रकाने छापावेत. मोजमाप केंद्रांकडे असतंच, चिमणीवर यंत्र बसवलेली आहेत. ज्यांना पाठवायचं असेल त्यांनी आपल्या जवळच्या केंद्राचं नाव घालून पाठवा, एकलहरे, दीपनगर, पारस, परळी, कोराडी, खापरखेडा. मुंबई-ठाण्यातल्या लोकांनी चंद्रपूरचं घाला.